सोतेर्नची गोड वाईन आणि किल्लारीची द्राक्षे

द्राक्षाचा घड पक्वतेस आला असता अवकाळी पाऊस पडावा आणि दोन-चार दिवसांत मण्यांवर बुरशी दिसू लागावी, यासारखा दुसरा आघात द्राक्षबागायतदारावर क्वचितच होत असेल. दोन छाटण्यांची मजुरी, खते, फवारण्या आणि वर्षभराची राखण एवढे सर्व पदरचे घातल्यानंतर हाती येणारे पीक डोळ्यांदेखत कुजते आणि व्यापारी उरलेल्या चांगल्या मालाचाही भाव पाडून मागतो. अशा वेळी फ्रान्स देशात बुरशी आलेल्या द्राक्षांपासूनच एक अत्यंत मोलाची गोड वाईन तयार करितात, अशी माहिती कानावर आल्यास, ‘आपल्या बागेतील कुजलेल्या मालालाही असेच मोल का येऊ नये?’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात उभा राहणे साहजिक आहे.

या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु ते नकारार्थी का आहे हे नीट समजून घेतले, तर किल्लारीसारख्या उष्ण व कोरड्या मुलखातील बागायतदाराला उपयोगी पडणारा दुसरा मार्ग त्यातूनच सापडतो. यास्तव त्या फ्रेंच वाईनची कृती प्रथम पाहू.

सोतेर्नचा प्रदेश

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बोर्दो हे वाईनसाठी जगप्रसिद्ध असलेले शहर आहे. त्याच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर, गारोन नदीच्या डाव्या तीरावर सोतेर्न हा लहानसा प्रदेश लागतो. सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक अशा पाच गावांच्या शिवारातील ठराविक द्राक्षांपासून, ठरवून दिलेल्या रीतीने केलेल्या गोड वाईनलाच ‘सोतेर्न’ हे नाव लावता येते. हा नियम १९३६ साली कायद्याने घालून दिला गेला. बोर्दोच्या वाईनांची प्रतवारी त्यापूर्वीच, १८५५ साली झाली होती. त्या प्रतवारीत गोड वाईनांमध्ये सर्वांत वरची श्रेणी शातो दिकेम या एकाच मळ्याला मिळाली.

या भागात मुख्यत्वे सेमियाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या जातींची लागवड असते. म्युस्कादेल ही तिसरी जात थोड्या प्रमाणात असते. सेमियाँचा मणी पातळ सालीचा असतो. बुरशी त्यात सहज शिरते व म्हणूनच ही जात तेथे महत्त्वाची मानली जाते.

गोडीचे खरे मूळ मात्र हवामानात आहे. सिराँ नावाची एक लहान नदी गर्द झाडीतून वाहत येऊन गारोनला मिळते. सिराँचे पाणी थंड आणि गारोनचे त्या मानाने उबदार असते. त्यामुळे शरद ऋतूत पहाटे दाट धुके पडते व सकाळभर वेलींवर ओल राहते. दुपारी ऊन पडून धुके विरते आणि घड पुन्हा कोरडे होतात. सकाळी ओल व दुपारी कोरडे ऊन हे चक्र काही आठवडे चालले, तरच गोड वाईनचे वर्ष साधते.

उमदी कुज व करडी कुज

या बुरशीचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया असे आहे. सुमारे १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर ओल तिला मानवते. एकच बुरशी दोन रूपांनी प्रकट होते, ही या विषयातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

पाऊस लागून राहिला, घड सतत ओले राहिले अथवा मणी कच्चे असतानाच बुरशी शिरली, तर मणी फुटतात, रस गळतो, करड्या रंगाची लव पसरते आणि सारा घड नासतो. ही करडी कुज होय. ती फ्रान्समधील शेतकऱ्यालाही तितकीच नकोशी असते. याउलट मणी पूर्ण पिकलेला, साल अखंड आणि दुपार कोरडी असेल, तर बुरशीचे तंतू सालीला अतिसूक्ष्म छिद्रे पाडतात, पण मणी फुटत नाही. त्या छिद्रांवाटे मण्यातील पाणी उडून जाते. मणी प्रथम सोनेरी, मग तपकिरी होतो आणि शेवटी सुकून सुरकुततो. फ्रेंच लोक हिला ‘उमदी कुज’ म्हणतात.

पाणी निघून गेल्याने साखर दाट होते. साध्या हिशेबाने पाहिल्यास, १ लिटर रसात २०० ग्रॅम साखर असेल आणि रस आटून अर्धा लिटर उरला, तर लिटरमागे ४०० ग्रॅम साखर होईल. बुरशी स्वतःही काही साखर खाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी भरतो. बुरशी आम्लही खाते व ग्लिसरॉलसारखी द्रव्ये निर्माण करते. त्यामुळे वाईनला दाटपणा व मधासारखा विशिष्ट स्वाद येतो. तथापि बुरशी साखर निर्माण करीत नाही. ती केवळ पाण्याला बाहेर जाण्याची वाट करून देते. साखर वेलीच्या पानांनी उन्हात अगोदरच तयार करून ठेवलेली असते.

मण्यामण्याची वेचणी

बुरशी सर्व घडांवर, किंबहुना एका घडाच्या सर्व मण्यांवरही, एकाच वेळी येत नाही. त्यामुळे सोतेर्नमध्ये एकदाच सरसकट तोडणी करीत नाहीत. मजूर त्याच ओळींतून पुनःपुन्हा फिरतात व योग्य अवस्थेला आलेला भाग तेवढा कात्रीने काढून घेतात. साधारणपणे अशा चार-सहा फेऱ्या होतात. हे काम सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत लांबते. करडी कुज लागलेले मणी वेगळे काढून टाकावे लागतात. आंबूस वासाचा थोडासा भाग टोपलीत गेला तरी सबंध पिंप बिघडते.

या कामात जोखीम मोठी आहे. वेचणीच्या दिवसांत पावसाची झड लागली तर पीक हातचे जाते. शातो दिकेमने १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांच्या पिकाची वाईन आपल्या नावाने बाजारात आणलीच नाही. हलका माल चांगल्या नावाखाली विकण्यापेक्षा एका वर्षाचे उत्पन्न सोडणे त्यांनी पत्करले.

रस, आंबवण आणि मुरवण

सुकलेले मणी दाबून रस काढणे सोपे नसते. दाब हळूहळू व पुनःपुन्हा द्यावा लागतो. येथे नेहमीच्या उलट प्रकार आढळतो, तो असा की, शेवटच्या दाबाचा रस अधिक गोड निघतो, कारण सर्वांत सुकलेले मणी शेवटी रस सोडतात.

हा रस आंबवण्यासाठी ठेवितात. यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्कात करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून १ टक्का मद्यार्क तयार होतो, असे ढोबळ प्रमाण आहे. रसात लिटरमागे ३६० ग्रॅम साखर असल्यास १४ टक्के मद्यार्क होईपर्यंत २३८ ग्रॅम साखर खर्ची पडते व १२२ ग्रॅम शिल्लक राहते. एवढा मद्यार्क, शिल्लक साखरेचा दाटपणा व बुरशीने सोडलेली काही द्रव्ये यांमुळे यीस्ट मंदावते. मग रस थंड करून व गंधकाचा वापर करून आंबवण थांबवितात. उरलेली साखर हीच त्या वाईनची गोडी होय. वरून साखर घालून ती आणलेली नसते. त्यानंतर वाईन ओक लाकडाच्या पिंपांत बहुधा दीड ते तीन वर्षे मुरते. चांगल्या वर्षाची सोतेर्न बाटलीत अनेक दशके टिकते.

थोड्या मालाचा हिशेब

सोतेर्नच्या नियमानुसार हेक्टरी २५ हेक्टोलिटर, म्हणजे २,५०० लिटर, ही उत्पादनाची मर्यादा आहे. एकराच्या हिशेबाने हे उत्पादन सुमारे १,००० लिटर होते. शातो दिकेम येथे ते याहूनही पुष्कळ कमी असते. एका वेलीपासून जेमतेम एक पेला वाईन मिळते, असे तिच्याविषयी म्हटले जाते. आपल्याकडे एकरी १० टन द्राक्षे पिकविणाऱ्या बागायतदाराला हे उत्पादन क्षुल्लक वाटेल. एवढ्या थोड्या मालावर मळा चालतो, कारण त्या नावाला बाजारात शतकानुशतके मिळविलेली पत आहे. पत नसलेल्या ठिकाणी केवळ उत्पादन घटविले, तर पदरी तोटाच येईल.

किल्लारीच्या हवामानात काय होईल

औसा तालुक्यातील किल्लारी गाव तेरणा खोऱ्यात वसलेले असून जवळच माकणी येथे निम्न तेरणा धरण आहे. या परिसरात सोयाबीन, तूर व ऊस यांच्या जोडीने द्राक्षबागाही आढळतात. मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या वर्णनात तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे नमूद केले आहे. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणूनच एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी करून आपण एकच चांगले पीक घेतो.

या पद्धतीमुळे आपला घड फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिकतो. त्या वेळी येथे धुक्याच्या सकाळी नसतात. हवा कोरडी असते व मार्चमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांपुढे जाते. अशा हवेत उमदी कुज धरत नाही. आणि पाऊस पडलाच, तर तो वादळी, अवेळी व कधी गारांसह पडतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाड्यातील फळबागांची केलेली हानी अनेकांच्या स्मरणात असेल. खोल काळ्या जमिनीत अशा पावसाचे पाणी साचून राहते, मुळे ते एकदम ओढतात, मणी तडकतात आणि तडकलेल्या जागी काळी बुरशी व आंबवणारे जंतू शिरतात. घडाला शिरक्यासारखा वास येतो व चिलटे घोंघावू लागतात. ही उमदी कुज नव्हे. काही काळ्या बुरशी ओक्रॅटॉक्सिन नावाचे विषारी द्रव्य निर्माण करितात व ते वाईनमध्ये वा बेदाण्यातही उतरू शकते. सबब कुजलेल्या मालापासून उंची वाईन होईल, या आशेवर घड वेलीवर ठेवणे किंवा तो चांगल्या मालात मिसळणे सर्वथा चुकीचे आहे.

बुरशीचे काम उन्हाकडून

येथवरच्या विवेचनातून एक तत्त्व हाती लागते. सोतेर्नमध्ये बुरशी जे करते ते इतकेच की सालीतून पाण्याला वाट देते आणि साखर दाट करिते. हेच काम किल्लारीची कोरडी हवा बुरशीवाचून करू शकते. बेदाणा म्हणजे दुसरे काय? आपल्या हवामानाला साजेशी, साखर दाट करण्याची ती रीत होय.

द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो व तो पाणी अडवितो. हा थर सैल करण्यासाठी १०० लिटर पाण्यात २.५ किलो पोटॅशियम कार्बोनेट व १.५ लिटर इथाइल ओलिएट, म्हणजे बाजारात ‘डिपिंग ऑइल’ म्हणून मिळणारे द्रव्य, मिसळून द्रावण तयार करितात. स्वच्छ धुतलेले घड त्यात २ ते ४ मिनिटे बुडवून काढतात व शेडमधील जाळीवर एकेरी थरात सावलीत पसरतात. कोरड्या हवेत १२ ते १५ दिवसांत बेदाणा तयार होतो. त्यात पाण्याचे प्रमाण १५-१६ टक्क्यांपर्यंत यावे. साधारणतः ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा मिळतो.

सोतेर्नच्या शेतकऱ्याचा संयम येथे थेट उपयोगी पडतो. साखर मोजण्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १८ अंश ब्रिक्स भरणाऱ्या १०० किलो द्राक्षांत सुमारे १८ किलो विद्राव्य घटक असतात. १६ टक्के पाणी राहू दिल्यास त्यांपासून सुमारे २१.५ किलो बेदाणा होईल. तीच द्राक्षे २२ अंशांची असतील तर २६ किलोंच्या वर होईल. देठ व गळ वजा न धरता, १० टन मालामागे हा फरक पावणेपाच क्विंटलांच्या घरात जातो. घाईने तोडलेल्या मालात हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, परंतु काट्यावर ते दिसते. म्हणून बेदाण्यासाठी २२ अंश ब्रिक्सच्या खाली तोडणी करू नये. एकाच मण्यावरून गोडी ठरवू नये. बागेच्या निरनिराळ्या भागांतील व घडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतील मणी एकत्र करून त्यांचा रस तपासावा.

महाराष्ट्रातील गोड वाईन

गोड वाईन आपल्या राज्यात होतच नाही, असे मात्र नाही. नाशिक येथील सुला हा उद्योग चेनिन ब्लाँ या जातीच्या, उशिरा तोडलेल्या द्राक्षांपासून गोड वाईन तयार करितो. तीतही वाढलेल्या पक्वतेची साखर राखून ठेवण्याचेच तत्त्व आहे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व विंचूर आणि पलूस येथे वाईन उद्योगांसाठी वसाहती झाल्या.

किल्लारी परिसरातील शेतकऱ्याने या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, वाईनची द्राक्षे व खाण्याची द्राक्षे यांच्या जाती वेगळ्या असतात. थॉमसन सीडलेस किंवा सोनाका यांच्या बागेतील विकला न गेलेला माल म्हणजे वाईनचा कच्चा माल, असे समजू नये. वाईन कारखान्याशी खरेदीचा लेखी करार झाल्यावाचून अशा जातींची लागवड करणे धोक्याचे आहे. दुसरी गोष्ट अशी की, परवान्यावाचून मद्य तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये गुन्हा आहे. घरच्या घरी प्रयोग करण्याच्या मोहात कोणी पडू नये.

पिकल्या घडावर पाऊस पडल्यास

सोतेर्नची निवडून वेचण्याची रीत आपल्या बागेत संकटकाळी अशी वापरावी :

१. पाऊस थांबताच तारा व ओलांडे हलवून घडांवरील पाणी झाडावे. घडांभोवतीची दाट पाने विरळ करून हवा खेळती ठेवावी.

२. ठिबक सिंचन थांबवावे. बागेत साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवावे.

३. तडकलेले व बुरशीचे मणी कात्रीने काढावेत. एका फेरीवर थांबू नये, एक दिवसाआड पुन्हा फिरावे. काढलेला माल वेलीखाली न टाकता बादलीत गोळा करून बागेबाहेर खोल पुरावा.

४. गोडी पुरेशी झालेला व निरोगी असलेला भाग आधी तोडावा. सबंध बाग एकदम पिकण्याची वाट पाहू नये.

५. तोडणी जवळ आलेली असताना घाबरून औषध फवारू नये. फवारणी व तोडणी यांमधील ठरवून दिलेला काळ पाळला नाही तर फळांत औषधाचा अंश राहतो व चांगला मालही नाकारला जातो.

६. निरोगी, वाहिलेला व डागी माल वेगवेगळ्या क्रेटमध्ये ठेवावा. डागी घड बेदाण्याच्या जाळीवर जाऊ देऊ नयेत. शेडला प्लॅस्टिकचे पडदे अगोदरच लावून ठेवावेत.

७. नुकसानीची छायाचित्रे काढावीत आणि पंचनाम्यासाठी गावातील महसूल व कृषी कर्मचाऱ्यांना विनाविलंब कळवावे. पीकविमा असल्यास विमा कंपनीलाही मुदतीत सूचना द्यावी.

समारोप

सोतेर्नच्या शेतकऱ्याने आपल्या नदीचे धुके ओळखले व त्याप्रमाणे पीक घेतले. किल्लारीच्या शेतकऱ्याने आपले ऊन व कोरडी हवा ओळखावी. तेथील बुरशी येथे आणता येणार नाही व आणण्याची गरजही नाही. आणण्याजोगी आहे ती पूर्ण पक्वतेपर्यंत थांबण्याची सवय, पुनःपुन्हा फिरून निवडून तोडण्याची मेहनत आणि हलका माल चांगल्यात न मिसळण्याचा निश्चय. सांगलीच्या बेदाण्याला व नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. गावाच्या नावाला बाजारात किंमत येऊ शकते, हे त्यावरून दिसून येते. किल्लारी परिसरातील बागायतदारांनी एकत्र येऊन एकसारख्या प्रतीचा माल वर्षानुवर्षे दिला, तर आज व्यापारी भाव ठरवितो, तेथे उद्या बोलणी करण्याइतकी ताकद शेतकऱ्याच्या हाती येईल. त्याची सुरुवात येत्या हंगामात कुजका मणी वेळीच कात्रीने काढण्यापासून करावी.